ऐंशी तोंडांची फौज

आपण या रविवारी मेलो की वाचलो, हे गल्लीतल्या लोकांना सोमवारी सकाळी कळायचं. कळवायच्या वहिनी. दूध घ्यायला त्या दारात आल्या की कुणीतरी हळूच विचारायचं, "वहिनी, काल आमचं काय झालं?" मग वहिनी पातेलं कमरेला टेकवून, जगात दुसरं काही काम नसल्यासारख्या सांगायच्या, "तुम्ही होय? तुम्ही पुलावर गेलात. चारच्या सुमाराला. शिंपी तुमच्या मागं लपला म्हणून वाचला."

विचारणाऱ्याला आपण मेल्याचं फारसं वाईट वाटायचं नाही. मेल्यावर वहिनी आपल्याबद्दल काय बोलल्या असतील, याची खरी धास्ती.

वहिनींचे यजमान कवळ्या बनवायचे. दातांचे डॉक्टर म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या जबड्यांचे ठसे पाठवत. हे मेणात दात बसवून, प्लास्टरात घालून, घासूनपुसून कवळी परत पाठवत. अर्ध्या गावाचं हसू त्यांच्या हातचं होतं, त्यांचं स्वतःचं मात्र कुणी फारसं पाहिलं नव्हतं. लोक त्यांना सेनापती म्हणत. तोंडावर म्हणत आणि पाठीमागेही म्हणत, आणि दोन्ही वेळेला थोडं हसूनच म्हणत. सेनापतींना ते कधी ऐकू आलं नाही, कारण त्यांचं लक्ष कायम वरच्या खोलीत.

वरच्या खोलीत दोन जुनी दारं बाकांवर आडवी टाकून केलेलं टेबल होतं. त्यावर चादर, चादरीखाली जाड पुस्तकं घालून उठवलेल्या टेकड्या, निळ्या कापडाच्या पट्टीची नदी, आणि दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस शिपाई, अंगठ्याएवढे. एका बाजूचे सेनापती, दुसऱ्या बाजूचे नकाशेवाले. नकाशेवाले म्हणजे शाळेपासूनचा मित्र; जमीनमोजणीच्या कचेरीत उभा जन्म नकाशे काढण्यात घालवून निवृत्त झालेला. दर रविवारी दुपारी जेवून आले की दोघं टेपनं अंतर मोजून आपापले शिपाई पुढं सरकवायचे. जवळ आले की फासे. प्रत्येक शिपायाचा स्वतःचा फासा. सहा पडला की समोरचा आडवा. एवढंच काय ते युद्ध. पण दोघं असे घामाघूम होऊन उतरायचे, जणू राज्य घालवून आले.

शिपाई घरचेच. जबड्याचे पक्के साचे ओतायला पूर्वी एक मऊ करडा धातू मिळायचा, साध्या शेगडीवर पळीत वितळणारा. त्यात सेनापतींनी ऐंशी शिपाई ओतले आणि सुरुवातीला तोंडंही स्वतःच रंगवली. वहिनी चहा घेऊन वर गेल्या, त्यांनी एकेकाला उचलून पाहिलं आणि जिन्यात बसून पोट धरून हसल्या. सगळ्यांना दात काढले होते. लढाईला निघालेली ऐंशी माणसं, आणि नवी कवळी बसवून घेतल्यासारखी दात दाखवतायत.

"अहो, मरायला निघालेला माणूस हसतो का?" त्या म्हणाल्या. "द्या तो ब्रश इकडं."

त्या दिवसापासून तोंडं वहिनींची. आणि वहिनींनी तोंडं कुठून आणावीत? गल्लीतून. शिंपी, पोस्टमन, कंपाउंडर, बँकेतला कॅशियर. घरमालकीणसुद्धा सोडली नाही. झुपकेदार मिशीचा शिपाई होता, त्याच्यावर तिचं तोंड चढवलं आणि मिशी मुद्दाम ठेवली. तीन केसांच्या ब्रशनं, भिंग लावून, नखाच्या निम्म्या जागेत त्या असं माणूस उभं करायच्या की ज्याचं त्यानं पाहिलं तर मान खाली घालावी. कुणावरची मर्जी उतरली की ब्लेडनं तोंड खरवडून तिथं दुसऱ्याची भरती. त्यामुळे आज फौजेत कोण आहे आणि कोण बडतर्फ, हे फक्त त्यांनाच ठाऊक असायचं.

आणखी एक कायदा वहिनींचा होता. शिपाई पडला की त्याच्याबद्दल एक वाक्य बोलायचं. ते बोलून होईपर्यंत पुढचा फासा टाकायचा नाही.

"गेला शिंपी. माप एकदा घ्यायचा आणि दोनदा चुकायचा."

"पोस्टमन गेला. दुसऱ्यांची पत्रं वाचून स्वतः रडायचा मेला."

"घरमालकीण गेली. आता जिन्यात पाय वाजवायला हरकत नाही."

चांगलं म्हणून एक वाक्य त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही. पण जे बोलायच्या ते अगदी त्या माणसाच्या अंगाबरोबरचं. दुसऱ्या कुणाला ते बसलं नसतं.

"वहिनी, लढाई थांबलीय," नकाशेवाले फासा हातात खुळखुळवत कुरकुरायचे.

"थांबू द्या भावजी. माणूस गेलाय."

कॅशियर एकदा रागारागानं वर आला. दर रविवारी आपणच पहिल्या फेरीत मरतो, ऑफिसात लोक विचारतात, असं त्याचं म्हणणं. वहिनी म्हणाल्या, "पुढं उभे राहता म्हणून मरता. बँकेत कसे नेहमी मागं असता, तसे राहा." त्यानं आपला शिपाई उचलला, खिशात घातला आणि घरी नेला. वहिनींनी त्या जागी नवा ओतून घेतला आणि त्याच्यावर कॅशियरच्या सासूचं तोंड काढलं.

असं वीस वर्षं चाललं. मग नकाशेवाल्यांच्या डोक्यात मोठी लढाई शिरली.

निवृत्तीनंतर त्यांनी एक रणभूमी काढली होती. नदी, उतार, दोन गावं, एक दलदल. इतकी सुंदर, की तिथं चाळीस माणसं लढवणं म्हणजे त्या नकाशाचा अपमान. तिथं चाळीस हजार हवेत, दोन्ही बाजूंना. सेनापतींनी नकाशा पाहिला आणि त्या दिवशी जेवताना त्यांनी आमटीत पाण्याचा तांब्या ओतला.

आधी त्यांनी जुन्याच कायद्यानं करून पाहिलं. शिंप्याकडून चारशे गुंड्या आणल्या आणि त्याच शिपाई म्हणून मांडल्या. सकाळी नऊला पहिली फेरी सुरू केली, ती दिवेलागणीला संपली. नकाशेवाल्यांनी हिशेब मांडला: या वेगानं चाळीस-चाळीस हजारांची एक दुपार लढायला अकरा वर्षं लागतील.

"अकरा," सेनापती म्हणाले.

"आपलं वय बघ आणि मग बोल," नकाशेवाले म्हणाले.

मग वेळ जातो कुठं, ते घड्याळ लावून मोजलं. टेपनं मोजण्यात थोडा, फासे टाकण्यात बराच, आणि वहिनींच्या वाक्यांत सगळ्यात जास्त. सेनापतींनी कायद्याची वही काढली आणि वहिनींच्या कायद्यावर फूटपट्टी ठेवून सरळ रेघ मारली. शेजारी नवे कायदे लिहिले. एक शिपाई वीस माणसांच्या जागी. असे दहा शिपाई एका पट्टीला जोडून ओतायचे. पट्टी एकदम सरकेल, पट्टीला एकच फासा, हरली तर पट्टी उचलायची. दोनशे माणसं एका चिमटीत. टेबल तेवढंच राहणार, म्हणून शिपाई लहान करायचे. अंगठ्याएवढा नको, नखाएवढा.

पहिली पट्टी साच्यातून निघाली, ती सेनापतींनी हौसेनं खाली आणून वहिनींच्या तळहातावर ठेवली. वहिनींनी भिंग लावलं. उलटीसुलटी करून पाहिली.

"यांना तोंडं कुठं काढू?"

"तोंडं लागत नाहीत गं यांना. लांबून पाहायचे असतात हे."

"मग माझं काम काय?"

"पायाखालचं गवत आहे ना. हिरवं दे."

वहिनींनी भिंग उतरवलं. ज्या बाईचं बोलणं थांबवायला गल्लीनं नाना उपाय केले होते, ती या एका वाक्यानं थांबली, आणि सेनापतींच्या ते लक्षातही आलं नाही. चार वर्षं त्या गवत रंगवत राहिल्या. मधूनमधून म्हणायच्या, "अहो, एक रविवार जुनी लावा की. चाळीस-चाळीसांची." सेनापती म्हणायचे, "ही एकदा होऊ दे, मग जन्मभर तीच." जुने ऐंशी एका पत्र्याच्या डब्यात घालून वर कपाटावर ठेवले होते.

चार हजार शिपाई हवे होते. दोन हजार झाले आणि धातू संपला. साचे आता वेगळ्या पद्धतीनं होऊ लागले होते, तो करडा धातू दुकानदारानं ठेवणंच बंद केलं होतं. सेनापतींनी तीन गावं पालथी घातली. मग एक दिवस कपाटावरचा डबा खाली काढला आणि तराजूवर ठेवला. जुना एक म्हणजे नवे पंचवीस. ऐंशी म्हणजे दोन हजार. गणित इतकं चोख जुळलं की त्यांना त्यात दैवाचाच हात दिसला.

वहिनींना त्या सुमारास धाप लागायला लागली होती. त्या तपासणीला गेल्या, सोबत शिंप्याची बायको होती. सेनापती म्हणाले, मला कवळीचं अर्जंट काम आहे. भर दुपारी, खिडकी उघडी ठेवून त्यांनी शेगडी पेटवली. पहिले दोन-तीन तोंड वर करून पळीत गेले. पोस्टमन ओळखू आला. मग सेनापती बाकीच्यांना पालथं घालून सोडू लागले. धातू खाली बसला आणि रंग साईसारखा वर आला, मळकट, थोडा गुलाबीसर. तो त्यांनी चमच्यानं ओढून कागदावर काढला आणि कागदाची घडी करून कचऱ्यात टाकली. वहिनी परत आल्या तेव्हा पट्ट्या गार होत होत्या.

"कसला वास येतोय?"

"कामाचा," सेनापती म्हणाले. खोटंही नव्हतं.

तपासणीत जे निघालं ते चांगलं नव्हतं. डॉक्टरांनी घरी येऊन सेनापतींना बाजूला नेऊन सांगितलं आणि वहिनींनी ते दाराआडून ऐकलं, आयुष्यभराची सवय. त्यांना जिना चढायची बंदी झाली. पलंग खिडकीपाशी सरकवला. आठवडाभरानं त्या म्हणाल्या, "अहो, आता मला काही नको. रविवारी भावजींना बोलवा. पलंगावर फळी टाका आणि जुनी लावा. चाळीस-चाळीसांची. फासे मी टाकते, तुम्ही नुसतं मोजा."

"लावू की," सेनापती म्हणाले.

पहिल्या रविवारी डबा मोठ्या टेबलामागं अडकला होता. दुसऱ्या रविवारी सेनापतींची कंबर धरली होती. तिसऱ्या रविवारी नकाशेवाले जिन्यात उभे राहून हलक्या आवाजात म्हणाले, "सांगून टाक. ती काय खाणार आहे का तुला?"

"तू सांग."

"मी? वितळवले मी का?"

"नकाशा कुणी आणला होता?"

नकाशेवाल्यांनी चपला घातल्या आणि ते न जेवता घरी गेले.

मग सेनापतींना कॅशियर आठवला. ते त्याच्या दारात गेले आणि शिपाई मागितला. कॅशियरनं आधी नाही म्हटलं. मग तो आत गेला आणि देवाच्या फळीवरून शिपाई घेऊन आला.

"माझंच तोंड आहे म्हणून ठेवला," तो ओशाळून म्हणाला. "फोटोत मी इतका बरा येत नाही."

चौथ्या रविवारी सेनापतींनी पलंगावर फळी टाकली, चादर अंथरली, निळी पट्टी सोडली आणि कॅशियरला मधोमध उभा केला. वहिनी उशीला टेकून बसल्या. त्यांनी त्याला उचललं, भिंगाशिवायच ओळखलं.

"हा इथं कसा? हा तर घरी पळाला होता." त्यांनी फळीवर पाहिलं, खाली पाहिलं, सेनापतींच्या हाताकडं पाहिलं. "बाकीचे?"

सेनापती निळी पट्टी सरळ करत राहिले. ती सरळच होती.

"अहो, बाकीचे कुठं आहेत?"

"वर आहेत."

"मग आणा."

"म्हणजे... त्या पट्ट्यांत आहेत. डावी फळी सगळी. धातू मिळेना गं."

वहिनी रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. ओरडायला लागणारा श्वासच नव्हता. त्यांनी कॅशियरच्या डोक्यावरून अंगठा फिरवला.

"म्हणजे सगळे गेले," त्या शेवटी म्हणाल्या. "आणि मी एकाबद्दलही काही बोलले नाही."

"अगं, ते नुसते—"

"थांबा. लढाई थांबलीय."

आणि त्या बोलू लागल्या. डावीकडून, पहिल्या ओळीपासून. त्या ऐंशी जणांची ओळ त्यांच्या डोळ्यांसमोर तशीच्या तशी उभी होती. "शिंपी गेला. गावाचे कपडे शिवले, बायकोचं तोंड काही शिवता आलं नाही." एक वाक्य, मग डोळे मिटून श्वास गोळा करणं, मग दुसरं. दिवसाला तीन, कधी चार. सेनापती शेजारी वही घेऊन बसले होते. कवळ्या पडून राहिल्या. गावातले चार म्हातारे त्या दिवसांत दाताशिवाय जेवले.

सहाव्या दिवशी सेनापतींनी विचारलं, "मी होतो का गं त्यात?"

"म्हणजे काय," वहिनी म्हणाल्या. "मागच्या ओळीत, बिगुलवाल्याच्या जागी. वीस वर्षांत एकदाही पडला नाहीत. तुम्ही स्वतःला दिसला नाहीत?"

सेनापतींना आपण दिसलो नव्हतो. त्यांनी आपल्या हातानं स्वतःला पळीत सोडलं होतं. तोंड वर होतं की पालथं, तेही आठवत नव्हतं.

"माझं काय वाक्य?"

"तुमचं सगळ्यांत शेवटी," त्या म्हणाल्या. "घाई कसली?"

नवव्या दिवशी दुपारी एकतिसावं वाक्य झालं, कंपाउंडरचं. बत्तिसाव्याला त्यांनी श्वास घेतला आणि तो वाक्यासाठी पुरला नाही.

महिन्याभरानं नकाशेवाले आले. जिन्याच्या तोंडाशी उभे राहून म्हणाले, "झालंय तर लावून टाकू का? तेवढ्यासाठी सगळं केलंस." सेनापतींनी मान हलवली. चारशे पट्ट्या मांडायला सकाळ गेली. उजव्या फळीच्या दोन हजारांच्या पायाखालचं गवत फार सुरेख रंगवलेलं होतं, पातं अन् पातं; डावी फळी करडीच राहिली होती. लढाई ठरल्याप्रमाणे झपाझप चालली. अर्ध्या तासात नकाशेवाल्यांची पहिली पट्टी दलदलीत पडली. दोनशे माणसं. नकाशेवाल्यांनी ती चिमटीत उचलली, बाजूच्या खोक्यात ठेवली आणि फासा हातात घेतला. पण टाकेनात. सेनापतींकडं पाहत राहिले. सेनापती जिन्याकडं पाहत होते.

"टाक ना," सेनापती म्हणाले.

"हो," नकाशेवाले म्हणाले.

त्यांनी टाकला. आणखी एक पट्टी. मग नकाशेवाले म्हणाले, मला बरं वाटत नाही. ते गेले, ते परत कुठल्या रविवारी आले नाहीत. पट्ट्या होत्या तिथंच राहिल्या, आणि धूळ दोन्ही बाजूंवर सारखीच बसली.

सेनापतींनी मग वही काखोटीला मारली आणि ते दारोदार फिरू लागले. एकतीस जण वहीत होते. एकोणपन्नास हवे होते. स्वतःला धरून. प्रत्येक दारात एकच प्रश्न. "शेवटी शेवटी तुम्ही फौजेत होता का हो?"

गल्लीनं त्यांना इतकी वर्षं चिडवलं होतं, पण आता त्यांच्या तोंडाकडं पाहून नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही. इस्त्रीवाला म्हणाला, होतो. त्याचा भाऊ म्हणाला, मीही. घरमालकीण म्हणाली, मी तर दोनदा होते. ज्यांची तोंडं वहिनींनी ब्लेडनं खरवडून काढल्याचं सगळ्यांना माहीत होतं, तेही म्हणाले, आम्ही अखेरपर्यंत होतो. सेनापती लिहून घेत गेले. वहीतले ऐंशी कधीच ओलांडले. शंभर झाले. एकशे बारा झाले.

एकशे तेरावा कोपऱ्यावरच्या खोलीतला भाडेकरू होता. तो गल्लीत येऊन दोन वर्षं झाली होती. जुनी फौज त्यानं पाहिलेलीसुद्धा नसणार.

"होतो ना," तो म्हणाला. "तिसऱ्या ओळीत."

सेनापतींनी लिहून घेतलं. मग प्रत्येकाला विचारला होता तो दुसरा प्रश्न त्यालाही विचारला.

"पडलात तेव्हा ही काय म्हणायची तुमच्याबद्दल?"

भाडेकरूनं चपलेच्या अंगठ्याकडं पाहिलं. "चांगलंच बोलायच्या हो वहिनी," तो म्हणाला. "फार चांगलं बोलायच्या."

सेनापतींनी तेही लिहिलं. वहिनींच्या एकतिसांनंतरच्या एक्क्याऐंशी जणांपुढंही तेच लिहिलेलं होतं.